गेलेल्या टीमची गोधडी

कोल्हापूरचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. कँटीनमध्ये कोल्हापुरी मिसळ असली की मी दहीभात घेते. सुट्टीत सगळं डिपार्टमेंट महालक्ष्मीला निघालं, तेव्हा मी घरी बसून गहू निवडले. लोक हसतात. हसू देत. त्यांची टीम गेलेली नाही.

राज्यातल्या शहरांची एक फुटबॉल लीग सुरू झाली होती आणि तिच्यात एक टीम पिंपरी-चिंचवडची होती. पुण्याची नव्हे, आमची. यात एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. आम्ही चिखलीत राहतो, मी महाळुंग्याच्या एका कंपनीत पार्ट तपासते, आणि गावाचं नाव सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे पुण्यातच ना?" पुण्यात जाऊन सांगावं तर ते म्हणतात, "छे, ते कुठलं पुणं!" अशा आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा कुणाच्या तरी छातीवर आलं होतं. मी घसा बसेपर्यंत ओरडायचे. फर्स्ट शिफ्ट करून तशीच मैदानावर जायचे, डबासुद्धा हातात असायचा.

मग मालकानं टीम कोल्हापूरच्या एका पैसेवाल्याला विकली. आमच्या फोनवर मेसेज आला, चाहत्यांच्या प्रेमाबद्दल आभार. टीम अशी विकता येते, हेच मला तोवर माहीत नव्हतं. खेळाडू, कोच, जाळ्या, बूट, सगळं गेलं. आणि सामानाच्या टेम्पोत आमची गोधडीही गेली.

ही गोधडी म्हणजे आमच्या स्टँडचं निशाण. आई चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांची सीट कव्हरं शिवते. तिथल्या बायकांनी मिळून ती शिवली होती. प्रत्येक घरातून कंपनीचा एक जुना युनिफॉर्म शर्ट मागून आणला, खाकी, राखाडी, निळा, मिळेल तो. कंपन्यांची नावं उसवून काढली, खिसे तसेच ठेवले, आणि सीट कव्हरच्या जाड पांढऱ्या दोऱ्यानं सगळे शर्ट एकमेकांना जोडले. वर लाल कापडात गावाचं नाव. मॅच संपली की ती टीमच्या सामानाच्या खोलीत राहायची, कारण तेवढी जागा आमच्यापैकी कुणाच्याच फ्लॅटमध्ये नव्हती.

तिच्यात वडिलांचाही शर्ट होता. वडील तरुणपणी लातूरकडून इथे आले, एका कंपनीत लागले, आणि रिटायर व्हायला थोडी वर्षं उरली असताना ती कंपनी मशिनांसकट दुसऱ्या राज्यात निघून गेली. नंतर त्यांनी सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन म्हणून दिवस काढले. पण कंपनीचा एक शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवला होता. तो मी हट्टानं मागून घेतला. देताना त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मग शर्ट कुठे शिवलाय ते बघायला म्हणून एकदा मॅचला आले आणि पुढे एकही मॅच चुकवली नाही. फुटबॉल त्यांना कधीच कळला नाही. ते आपल्या शर्टाखाली बसायचे.

टीम गेल्यावर ते पुन्हा घरात बसले. मी मात्र गप्प बसले नाही. मोबाइलवर कोल्हापूरच्या लोकांशी मनसोक्त भांडले. चोर म्हणाले, लुटारू म्हणाले. राग याचा यायचा की तिकडून फारसं कुणी उलट भांडतच नव्हतं.

आमच्या कंपनीच्या बसमध्ये टूलरूमचा एक कोल्हापूरकर माझ्या शेजारी बसतो. तळवड्याच्या चौकात बस अडकली की आमची रोज जुंपते.

"ताई, त्या तुमच्या टीमला आमच्याकडं कुत्रं इचारत न्हाई," तो एकदा म्हणाला. "आमची पेठेची टीम हाय. तालमीची."

त्यांच्याकडे कुस्तीच्या तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ असतात आणि अख्खी पेठ त्यांच्यामागे वेडी असते, हे त्यानं मला कितीतरी वेळा ऐकवलं होतं. मला ते आणखीच झोंबायचं. नको होती तर नेली कशाला? दोन सीझन खेळवून त्या मालकानं टीम पुढे आणखी कुठल्याशा शहराला विकली, तेव्हा तर मी बसमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. "बरी अद्दल घडली," मी म्हणाले. तो म्हणाला, "कुणाला?"

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत वडील कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "माय, माझा शर्ट तेवढा आणून दे. कंपनी गेली, टीम गेली. माझा शर्ट कामून गावोगाव हिंडवलालेत?"

त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. गोधडी आता कुठल्या शहरात असेल, याचा काही पत्ता नव्हता. मी टीमच्या नव्या ऑफिसला फोन केले. तिथल्या मुलीला गोधडी म्हणजे काय हेच कळेना.

आणि मग एका सकाळी टूलरूमवाल्यानं बसमध्ये आपल्या पेठेच्या मॅचचा व्हिडिओ दाखवला. गुलालात न्हालेली पोरं एक मोठं कापड नाचवत होती. कापडावर रंगानं तालमीचं नाव लिहिलेलं. पण शिवण मी ओळखली. तो पांढरा दोरा माझ्या आईच्या हातचा.

"ही आमची गोधडी आहे!" मी एवढ्या जोरात ओरडले की ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं.

"असंल की," तो म्हणाला. "टीम गेली तवा पोरांनी टेम्पोतनं उतरवून घेतली म्हणं."

पुढच्या रविवारी मी एसटीनं कोल्हापूर गाठलं. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं घोकली. सुट्टीला गावी आलेला टूलरूमवाला स्टँडवर घ्यायला आला होता. तालमीच्या कट्ट्यावर मला खुर्ची दिली, चहा दिला. समोर भिंतीवर गोधडी वाळत घातली होती. आमच्या गावाचं नाव भिंतीकडे, आणि शर्टांच्या उलट्या बाजूवर, खिशांच्या मागे, त्यांचं नाव. कड उलटून पाहिली, तर रंग आरपार उतरला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"लोकांची वस्तू अशी रंगवायची असते का?" मी म्हणाले.

तालमीचे वस्ताद म्हातारे होते. ते शांतपणे म्हणाले, "चुकलंच आमचं. टीमवाले टेम्पोत चिखलाच्या बुटांखाली टाकून चालले व्हते. म्हटलं, आयाबायांच्या हातचं एवढं शिवलेलं कापड. घेऊन जावा, तुमचंच हाय."

झालं. भांडण संपलं. इतकी वर्षं सांभाळलेला राग घेऊन मी बसले होते आणि तो घ्यायला कुणी तयारच नव्हतं.

"आमची टीम आली होती तुमच्या गावात," मी तरी म्हणाले. "तिला कुणी बघायलासुद्धा गेलं नाही."

"ती मालकाची टीम, ताई. आज हितं, उद्या तितं. आमची पोरं हितंच जल्मली, हितंच खेळणार."

पोरांनी गोधडीची घडी घातली. त्यांची पुढच्या आठवड्यात मॅच होती, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जेवल्याशिवाय मात्र मला सोडलं नाही. त्या तांबड्या रश्श्याला नावं ठेवायचा मी खूप प्रयत्न केला.

घरी आल्यावर गोधडी दिवाणावर पसरली. वडिलांनी आपला शर्ट लगेच शोधला. खिशावरून हात फिरवला, उतरलेला रंग पाहिला.

"हे कुणाचं नाव?"

मी सगळं सांगितलं. पेठ, तालीम, टेम्पोतून उतरवलेली गोधडी. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"त्यांचीबी टीम इकतेत का कुनी?"

"नाही. तिला मालकच नाही. ती पेठेची आहे."

"म्हंजे ती कुठं जानार न्हाई?"

"कुठे जाणार? आजोबा-पणजोबांपासून तिथेच आहे."

वडिलांनी शर्टावरचा हात काढून घेतला. "मग कामून आणलीस तिथून?"

माझा संयम सुटला. "तुम्हीच म्हणालात आण म्हणून! दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली मी!"

"मला वाटलं, शर्ट टीमसंगं फिरलालाय," ते म्हणाले. "तिथं एका जागी होता ना, माय."

सोमवारी बसमध्ये टूलरूमवाल्यानं नेहमीप्रमाणे माझी जागा धरून ठेवली होती. "गोधडी पोचली का नीट?" त्यानं विचारलं. मी पोचली म्हणाले आणि डबा मांडीवर घेतला. ज्या गावाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच गावाला आता हात जोडून सांगायचं होतं, की माझ्या वडिलांचा शर्ट तुमच्याकडेच राहू द्या.