अंगणातली कवायत

माझा डावा पाय नाटक करतो, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं. ते फौजेतून निवृत्त झालेले. साताऱ्याकडच्या आमच्या गावात निम्म्या घरांत कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळे पोरीचं चालणं वाकडं झालं तर उपाय एकच, कवायत. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी, चौतीस वर्षांची शिक्षिका, रोज सकाळी अकराला अंगणात सावधान उभी. वडील सावलीत, पायरीवर.

"कदमताल! गुडघा वर!"

पंधरा मिनिटांत डोळ्यांपुढं धुरकट व्हायचं, पाय ओढला जायचा. घरात येऊन डोक्यावर गार पाणी ओतलं की तासाभरात बरं वाटायचं. हाच माझ्याविरुद्धचा पुरावा!

"बघा, सावलीत आली की ठणठणीत. समदं नाटक हाय," वडील आईला म्हणायचे. आई गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचाही मला आजतागायत राग आहे.

एक दिवस मी अंगणातच कोसळले. मग नाइलाजानं वडील मला सांगलीला घेऊन गेले. डोक्याचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. डॉक्टर म्हणाले, "मल्टिपल स्क्लेरॉसिस. नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी जंतू मारायचे, पण यांच्या काही पेशी मायलिनमधल्या प्रथिनांनाच शत्रू समजून ते आवरण खातायत. उघड्या नसेतून मेंदूचा निरोप कसाबसा जातो. अंग तापलं की तेवढाही जात नाही. यांना उन्हात कशाला उभं करत होतात?"

वडील म्हणाले, "आवं डॉक्टर, पन आपल्याच मानसावर हल्ला? वळख न्हाई व्हय त्यास्नी?"

"चुकते ओळख. का चुकते, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

"पेशींचं सोडा," मी डॉक्टरांसमोरच बोलले. "आप्पा, तुमाला तर डोळं हायती. तुमी का न्हाई वळखलं मला?"

बाहेर आलो तर रणरणतं ऊन. आप्पांनी समोरच्या दुकानातून छत्री आणली आणि उघडून माझ्या डोक्यावर धरली. मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि एकटीच स्टँडकडं निघाले.

"दमानं चाल, बाळा," मागून आवाज आला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला दमानं चालायला सांगितलं होतं. मी थांबले नाही. पाय फरफटत होता, आणि त्या दिवशी मी तो लपवला नाही.