ब्याऐंशीपासूनचे सभासद

नसीम,

कुवेत सोडलं तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. बाहेर इराकचे रणगाडे फिरत होते आणि अम्मी गॅस बंद केला का, ते दोनदा आत जाऊन बघून आली. फ्रिजमध्ये कालवण झाकून ठेवलं होतं. "आठ-पंधरा दिवसांत परत येतो. चला," अब्बा म्हणाले. नव्वदचा ऑगस्ट होता तो. जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या गर्दीत अब्बांचं पाकीट गेलं आणि पाकिटातलं क्रेडिट कार्डही. त्यावर नावाखाली उठावाच्या अक्षरांत छापलं होतं, 'सभासद १९८२ पासून'.

म्हसळ्याला, आपल्या गावी, अब्बा काही जाईनात. "हात हलवत आलो, गावाला काय तोंड दाखवू?" मग वाशीत भाड्याच्या दोन खोल्या. तिकडचे परचेस मॅनेजर इथं पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले, पोरसवदा साहेबांच्या हाताखाली. आणि रोज जेवताना कुवेत! तिकडचे रस्ते, तिकडचा एसी, तिकडचा मान. सोसायटीतले लोक हसायचे, "आले बघा शेख." मला लाज वाटायची गं, खरं सांगतो. मला वाशीचा व्हायचं होतं. "अब्बा, पुरे ना आता तुमचं कुवेत," असं मी त्यांना चारचौघांत बोललोय.

पंच्याण्णवमध्ये, हरवलेलं क्रेडिट कार्ड ज्या कंपनीचं होतं, तिच्याच कार्डाचा फॉर्म अब्बा घेऊन आले. पगार त्यांच्या अटीत जेमतेम बसत होता, पण चेहरा बघायला हवा होतास! तिकडचा फ्लॅट गेला, नोकरी गेली, कागद गेले. ती वर्षं खरंच काढली होती, हे आता दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. फॉर्मवर प्रश्न होता, 'पूर्वी आमचे सभासद होता का? असल्यास क्रमांक व वर्ष.'

"ब्याऐंशी. लिही," अब्बा म्हणाले. नंबर काही आठवेना. नंबराशिवाय फॉर्म परत येईल, मग पुन्हा खेपा, पुन्हा तीच रामकहाणी, या विचारानं मी वैतागलो आणि 'नाही'वर खूण केली.

"लिहिलं?"

"हो, लिहिलं."

अब्बांनी न वाचता सही केली. माझ्यावर भरवसा होता ना!

कार्ड आलं. 'सभासद १९९५ पासून'. अब्बांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पंच्याण्णव? म्हंजे मी काय काल पैदा झालो?" मग हळूच म्हणाले, "जाऊ दे. त्यांनी नाय मानलं."

त्यानंतर अब्बांच्या तोंडून कुवेत ऐकलंस का कधी? तुला वाटलं, अब्बा रुळले. अम्मीनं अल्लाचा शुक्र मानला. मला कारण माहीत होतं आणि तीन वर्षं मी गप्प बसलो. आज सांगू, ईदनंतर सांगू, असं करत राहिलो.

अब्बा गेल्यावर कार्ड बंद करायला मी फोन केला. तिकडून एका मुलीनं नाव आणि जन्मतारीख विचारली. कॉम्प्युटरवर शोधून म्हणाली, "सर, यांचं एक जुनं खातंही दिसतंय. कुवेतचं, ब्याऐंशीपासूनचं. फॉर्मवर फक्त 'हो' लिहिलं असतं, तरी आम्ही शोधून जोडलं असतं. नव्या कार्डावर तेच वर्ष आलं असतं."

"नंबर नव्हता," मी म्हणालो.

"नंबर लागत नाही, सर."

"आता जोडता येईल?"

"आता सभासदच नाहीत ना, सर. सॉरी."

मस्कतला नवं घर लावलंस, पडद्यांचा रंग विचारलास, छान वाटलं. पण घर कशाला म्हणायचं, हे मला विचारू नकोस. आपण इतकी वर्षं कुठं होतो, ते सांगितल्यावर ज्यांना खरं वाटतं, त्यांच्यात असणं म्हणजे घर, एवढंच मला कळलंय. परक्या कंपनीनं अब्बांची वर्षं सांभाळून ठेवली होती. 'नाही' म्हणणारा त्यांच्या घरातच होता, नसीम. मीच.