खिडकीत धरलेली फिल्म

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतूरच्या एका बाईंचं रूट कॅनाल करत होते. दात अर्धवट सोडला नाही. काम पुरं केलं, मगच निघाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. दीड महिना गप्प बसले, आता बोलते.

काका मस्तगडातले जुने दातांचे डॉक्टर. मीही त्याच धंद्यातली, त्यांच्याच दवाखान्यात नऊ वर्षं काढली. सत्तरीतही आपले बत्तीस दात शाबूत आहेत, याचा त्यांना कोण तोरा! विश्वास फक्त एक्स-रेच्या छोट्या फिल्मवर. ओली फिल्म चिमट्यात धरायची, खिडकीच्या उजेडात बघायची आणि निकाल द्यायचा. बहुतेक दातांना तेवढं पुरतं, हे मान्य. पण वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडाची सावली पडते. मुळाशी हाड पोखरलेलं असलं तरी सपाट फिल्मवर ते लपून राहतं. त्रिमितीय स्कॅनमध्ये तेच हाड काकडीच्या चकत्यांसारखं एकेक थर करत बघता येतं. हे मी बोलले की ते पेशंटसमोर हसायचे.

माझ्या आईची वरची दाढ दुखायला लागली तेव्हा मी स्कॅनचा हट्ट धरला. काकांनी फिल्म खिडकीत धरली. "वहिनी, हाड बिलकुल साफ हाय. ही पोरगी उगंच भेव घालून राह्यली." आईने दिराचं ऐकलं... आठ महिन्यांनी डोळ्याखालपर्यंत सूज आली. दोन दाढा गेल्या, हाडही खरवडावं लागलं. आता ती भाकरी आमटीत भिजवून खाते. "फिल्ममधी दिसलंच न्हाई, मंग मी काय करू?" काका म्हणाले. नसेल दिसलं, म्हणून आईने माफ केलं. मीही करायचा प्रयत्न केला.

मागच्या आठवड्यात त्यांचं टेबल आवरताना खालच्या खणात एक लिफाफा सापडला. आत वरच्या दाढेचा स्कॅन, मुळाशी काळा खड्डा. नाव काकांचं. तारीख आईच्या दुखण्याच्या आदल्या वर्षाची. त्याच दाढेची फिल्मही सोबत होती. ती मी खिडकीत धरली. हाड बिलकुल साफ दिसत होतं.

स्वतःची दाढ त्यांनी वेळेत वाचवली होती.

लिफाफा आईला दाखवला, फरक समजावून सांगितला. तिने ती फिल्म काकांसारखीच खिडकीत धरून बराच वेळ पाहिली. "म्हंजे भावजींना ठावं व्हतं," एवढंच म्हणाली. मग स्टूल ओढून घेतलं, वर चढली आणि त्यांच्या फोटोवरचा हार उतरवला.