सात हाली, सहा कलदार

बीडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राच्या जागेसाठी मला पाठ द्यायचा होता. वीस मिनिटं, समोर बी.ए.चा वर्ग आणि मागच्या बाकावर निवड समिती. विषय आदल्या सकाळी फोनवर कळला: नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाची चलनव्यवस्था.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. एम.ए. झालं, नेट झाली, तरी दोन ठिकाणांहून हात हलवत परत आले होते. ही तिसरी जागा. हुकली असती तर चुलतभावाच्या कापडदुकानात उभं राहायचं, हे घरात न बोलता ठरून गेलं होतं.

दुपारी अंगणात पाठाची तालीम सुरू केली. ऐकायला एकटे आबा, माझ्या वडिलांचे चुलते. ऐंशी ओलांडलेले, पण कान शाबूत. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"नव्या देशाला जुन्या सत्तेचं चलन एका दिवसात बंद करता येत नाही," मी म्हणाले.

"कोन्ता देश?"

"कुठलाही, आबा. समजा."

"समजा कशाला? आमी भोगलंय की हे. एवढी शिकली, अन् तुला हाली ठाऊक न्हाई?"

ठाऊक होती, परीक्षेपुरती. निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रजी मुलखातला तो कलदार. संस्थान भारतात आलं तरी हाली काही वर्षं चालूच होती. मग ती बदलून घ्या असं सरकारनं सांगितलं. सात हाली दिल्या की सहा कलदार.

"माझा बाप गाठोडं घेऊन बीडाला गेलता," आबा म्हणाले. "दिसभर रांगेत हुबा राह्यला अन् नंबर आल्यावर तसाच माघारी आला. म्हने, निजाम गेला, आपलं सरकार आलं, अन् आपलंच सरकार साताचे सहा करतंय? लई तापलता."

"मग? बदललेच नाहीत?"

"माय हुशार होती ना! बाजारात गुळवाल्याला म्हनली, सात आन्याचा हाली गूळ द्या अन् सहा आन्याचा कलदारी. तराजूला हात लावायची आपल्याला सोय नव्हती. ती लांबूनच म्हनली, शेटजी, माझ्या पदरात टाकायच्या आदी दोन्ही पुड्या समोरासमोर घाला. त्यो हसला. पर घातल्या. पारडी सारखी!"

"आणि तुमचे वडील?"

"गुळाकडं बघत बसले. म्हनले, आता येवढा गूळ खायचा कोनी? अन् दुसऱ्या दिशी गेले बदलायला."

आत जाऊन मी माझी टिपणं पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं, पण त्यात माणूसच नव्हता. पहिली दोन पानं काढून टाकली.

वर्गात गेल्यावर फळ्यावर नुसतं '७ = ६' लिहिलं आणि विचारलं, "सरकारनं तुमच्याकडून सात घेऊन सहा दिले. काय झालं?"

"लॉस, मॅडम!" अख्खा वर्ग ओरडला.

मागून एकजण म्हणाला, "फसवलं बे!" मग समिती बसलीय हे आठवून त्यानं जीभ चावली. मी मात्र मनातून खूश झाले. आबांचे वडील रांगेतून अगदी हेच म्हणत परतले होते. मग गूळ सांगितला, तराजू सांगितला, आणि तराजूला हात लावता येत नव्हता हेही सांगितलं. त्यानंतर पुस्तकातले तिन्ही मार्ग मांडले. जुनंच चलन ठेवणं, स्वतःचं काढून मोठ्या चलनाला बांधणं किंवा मोकळं सोडणं. ते पोरांना आता समजत होते.

शेवटी समितीतले एक सर म्हणाले, "मॅडम, संस्थान काही नवा देश झालं नव्हतं. उलट ते देशात आलं. हे उदाहरण कसं चालेल?"

त्यांचं बरोबर होतं.

"अर्धंच चालेल, सर," मी म्हणाले. "नव्या देशाला जुन्या चलनातून बाहेर पडायचं असतं, आम्हाला आत यायचं होतं. दिशा उलटी. पण गाठोड्यातला जुना रुपया कोणत्या भावानं नवा होणार आणि तो भाव माणसाला पटणार का, हा प्रश्न दोन्हीकडं तोच आहे."

सरांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते पंधरा दिवस कळलं नाही. मग पत्र आलं. जागा तासिका तत्त्वावरची, म्हणजे जेवढे तास घेणार तेवढाच पगार. कायम नाही. तरी त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले, आणि मी ते ताठ मानेनं वाटले.

आज चौथं वर्ष सुरू आहे. दरवर्षी फळ्यावर तेच लिहिते आणि दरवर्षी वर्ग तोटा म्हणून ओरडतो. मी ओरडू देते. एवढ्या लवकर उत्तर सांगायची मला काही घाई नसते.