काकांच्या अंगणातली चावी

आखातातलं युद्ध आमच्या घरी आलं ते आईच्या खोकल्यातून. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये माझं शेगड्या दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मलाच सिलिंडर मिळत नव्हता. आई मागच्या पडवीत चूल पेटवायची. दम्याचं माणूस ते, फुंकणी फुंकून फुंकून बेजार व्हायची.

आमच्या पालेगावात नव्या इमारतींच्या निमित्ताने पाइपचा गॅस आला होता. पण आमच्या घरापर्यंत लाइन यायची तर धाकट्या काकांच्या अंगणातूनच, आणि तिथेच घोडं अडलं होतं. पूर्वी विहीर आमच्या हिश्शात होती. काकांच्या वांग्यांना पाणी जायचं ते आमच्या बांधावरच्या पाइपातून. एका उन्हाळ्यात भावाभावांचं वाजलं आणि वडिलांनी चावी बंद केली. वांगी उभी करपली. पुढे विहीर बिल्डरने बुजवली, वडीलही गेले. अबोला तेवढा राहिला.

दुकानात गिऱ्हाइकं मोबाइलवर बातम्या लावायची. गॅसची जहाजं अडकलीत, आखातातून जमिनीखालून थेट लाइन आणायचा बेत जुनाच आहे, पण ती शेजारच्या देशांतून येणार म्हणून कागदावरच राहिली, असं काहीबाही. शेजारचा सिंधी दुकानदार म्हणायचा, "पाइप किसका है छोडो, बीच में जमीन किसकी है वो बोलो." मी मान डोलवायचो. डोळ्यांपुढे मात्र करपलेली वांगी यायची आणि वडिलांचा राग यायचा. गेलेल्या माणसावर रागावून काय उपयोग, पण यायचा.

शेवटी काकांकडे गेलो. आईचा खोकला भिंतीपलीकडे त्यांनाही ऐकू येत असणारच. त्यांनी 'बस' सुद्धा म्हटलं नाही.

"लायन ने," ते म्हणाले. "पन चावी माजे आंगनान र्‍हाल."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन तणतणलो, "उद्या मनात आलं की आपली शेगडी बंद करतील! म्हातारा सूड उगवणार!"

आई शांतपणे म्हणाली, "त्यांची वांगी आपले चावीवर व्हती, तवा कोन बोलला?"

लाइन आली. आईचा खोकला उतरला. मी मात्र दुकानातून आलो की आधी कुंपणावरून त्या चावीकडे बघायचो. लाज वाटायची, तरी बघायचो.

एका सकाळी भात अर्धाकच्चा असताना शेगडी विझली. मी ताडकन उठलो. काय काय सुनावायचं ते मनात जुळवत दार उघडलं, तर बाहेर काकाच उभे. वडिलांच्या तेराव्यालाही न आलेले काका. हातात लायटर तसाच.

"वयनी," माझ्याकडे न बघता ते आत बघून म्हणाले, "तुमचीबी विजली का? मी चावीला हात नाय लावला. आईची आन."

पुढे कुठेतरी रस्त्याच्या खोदकामात लाइन फुटली होती, ते आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी मला माझीच शरम वाटली. आईने मोठं पातेलं काढलं, त्यात दोन्ही घरांचे तांदूळ घातले आणि पडवीत चूल पेटवायला बसली. धूर झाला, तिला ढास लागली.

काका पुढे झाले, तिच्या हातातली फुंकणी घेतली आणि स्वतः फुंकू लागले.