कुजबुजत केलेलं भांडण

माझी मुलगी माल्टात नर्स आहे. माल्टा म्हणजे समुद्रातलं छोटं बेट, गोरे लोक तिथे ऊन खायला येतात. मीही पंधरा दिवस सुट्टीला जाते असंच सगळ्यांना सांगून गेले. खरं काम वेगळं होतं. गडमुडशिंगीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, घरची शेती, आणि मुलाची आई माझी शाळेपासूनची मैत्रीण. ‘रविवारी सांगतो’ असा शब्द मी तिला देऊन आले होते. इकडे मुलीच्या हॉस्पिटलने तिला आणखी पाच वर्षं राहणार का, असं विचारलं होतं. ती तिकडे ‘हो’ म्हणायच्या आधी मला तिच्याकडून लग्नाला ‘हो’ पाहिजे होतं.

तो रविवार उजाडला. मुलीला सुट्टी होती. म्हणाली, “आई, आज तुला जुनी राजधानी दाखवते.”

गावाचं नाव इम्दिना. बस टेकडीवर सोडते. वेशीसमोर दगडी पूल आहे, खाली खंदक. खंदकात पाणी नाही, संत्र्याची झाडं आहेत. आत सगळा दगड मधाच्या रंगाचा, आणि गल्ल्या मुद्दाम वाकड्या, शत्रूचा बाण लांब जाऊ नये म्हणून. दारांच्या पितळी कड्या इतक्या लख्ख, की त्या घासणाऱ्या बाईचं मला कौतुक वाटलं. पुढे राजधानी खाली बंदरावर गेली आणि हे गाव वरच राहिलं. आमच्या पन्हाळ्याचंही तेच झालं. राजधानी खाली कोल्हापुरात आली, वर तालुक्याची कचेरी आणि कणीसवाले राहिले. फरक एवढाच, की रविवारी पन्हाळ्यावर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि इथे दुसऱ्याचा. इथे पाटीच लावली आहे: लोक राहतात, शांतता राखा.

त्या पाटीखालीच मी विषय काढला.

“मग मुडशिंगीला काय सांगू?”

वरची एक खिडकी उघडली. एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला नीट बघून घेतलं आणि खिडकी लावली.

“आई, हळू बोल.”

“मी काय ओरडतोय व्हय?”

“बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल.”

मग मी कुजबुजायला लागले आणि तिथेच फसले. आयुष्यात मी कुजबुजत भांडलेली नाही. आमच्याकडे मुद्दा कमी पडला की आवाज वाढवतात, तेवढ्याने तो भरून निघतो. इथे नुसते मुद्देच उरले, आणि ते तीन होते: मुलगा चांगला, आई माझ्या ओळखीची, आणि वय होत चाललंय.

“मुलगा चांगला असेल,” ती तितक्याच हळू म्हणाली. “मावशी तर चांगल्या आहेतच. आणि वय कुणाचं होत नाही?”

तिन्ही संपले.

“मग परत यायचंच न्हाय का तुला?”

एक घोडागाडी आली. आम्ही भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. ती वळणावर गेल्यावर मुलगी म्हणाली, “न्हाय आई. मी हितंच राहतो.”

आमच्या भागात बायकाही ‘मी जातो, मी आलो’ म्हणतात. लिहिताना मी ‘गेले’ लिहिते, शाळेत तसं शिकवलंय; बोलताना नाही. ही मात्र पुण्याच्या मुलींबरोबर राहायला लागल्यापासून ‘जाते, करते’ म्हणायची. ‘मी इथेच राहते’ असं म्हणाली असती, तर मी वर्षभर वाद घातला असता. ‘राहतो’शी काय वाद घालणार? चार वर्षांची असताना ‘मी दूध पीत न्हाय’ म्हणाली होती, ते अजून पीत नाही.

गावाच्या टोकाला तट आहे, तिथून निम्मं बेट दिसतं. मी तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. शब्द दिला होता, तर नकारही वेळेत कळवायला हवा.

“पोरगी न्हाय म्हणत्या,” मी म्हणाले.

“मोठ्यानं बोल की. घसा बसलाय काय?”

“न्हाय. हितं हळूच बोलत्यात.”

“का? कोण गेलंय?”

“कोण न्हाय गेलं. पोरगी हितंच राहणार हाय. तुझ्या लेकाला दुसरी बघ.”

आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून मी तटावर नीट टेकून बसले.

“बरं झालं आज सांगितलंस,” ती म्हणाली. “चंदगडचं एक आलंय. काजूची बाग हाय त्यांची. तुझ्यासाठी थांबवून ठेवलतं. आता सांगतो त्यास्नी, या म्हणून.”

फोन ठेवल्यावर मला जरा लागलंच. मी इतक्या लांब येऊन झोप घालवत होते आणि तिच्याकडे रांग होती.

“मावशी चिडल्या काय?” मुलीने विचारलं.

“कशाला चिडत्या? काजूची बाग मिळत्या तिला.”

“मग झालं की बरं.”

“तुझ्याकडं काय हाय? एक खोली आन् दोन शेगड्या.”

ती हसली. आम्ही चालत बसथांब्यावर आलो. बस यायची होती, तेवढ्यात मी विचारलं, “पाच म्हणजे पाचच वर्सं काय?”

“सध्या पाच.”

“मग तो कुकर बदल. त्यात डाळ शिजत न्हाय.”

रविवारी तिथली भांड्यांची दुकानं बंद असतात. सोमवारी तिची ड्यूटी होती, म्हणून मी एकटीच जाऊन पाच लिटरचा घेऊन आले.