फुईच्या खेळातलं माहेर

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून व्हिडिओ गेमची माझ्या फुईइतकी कडक परीक्षा कोणी घेतली असेल, असं मला वाटत नाही. फुई म्हणजे आत्या. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. फुई चौथीपर्यंत शिकलेली, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना तिच्याशी कोणी बोललेलं खपवून न घेणारी बाई होती. पण टीव्हीच्या पडद्यावरचा वीर खड्ड्यात पडला, की हातातला रिमोट खाली ठेवून ती जो निकाल द्यायची, तो ऐकून वाटे, की हा खेळ बनवणाऱ्या माणसाला कुठून तरी बोलावून आणावं आणि तिच्यासमोर पाटावर बसवावं.

हा खेळ तिच्या घरी आला तो फुवांमुळे. फुवा धुळ्यात एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने सुरतेहून हे यंत्र आणलं होतं. घरात मूलबाळ नव्हतं, मग ते कोणासाठी आणलं हे फुवांनी कधी सांगितलं नाही. त्याच सुमाराला मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "धुळ्यात खोली बघ." आईने मात्र लोणच्याची बरणी माझ्या पिशवीत घालून हळूच सांगितलं, "फुईकडे जा." मी गेलो, राहिलो आणि पदवी मिळेपर्यंत तिच्या हातचं जेवलो. नानांनी एकदाही विचारलं नाही, की खोली कुठे आहे आणि भाडं किती आहे.

यंत्रासोबत आलेल्या कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचं छापलं होतं. प्रत्यक्षात तेच पाच-सहा खेळ नावं बदलून फिरून फिरून यायचे. फुईने पहिल्याच आठवड्यात त्यांची निवड करून टाकली. आकाशातून राक्षसी पाखरं उतरतात आणि खालून आपण गोळ्या झाडायच्या, असा एक खेळ होता. तो तिने दोन मिनिटांत बाद केला. "ही तर फवारणी आहे. वरून अळ्या येतात, खालून आपण औषध मारतो. हे करायचं तर मी कपाशीतच नसते का राहिले?" मोटारींच्या शर्यतीचा खेळ तिला आवडला नाही, कारण त्या रस्त्यावर एकही म्हैस आडवी येत नव्हती. "म्हैस नाही, शाळेची पोरं नाहीत, वरातसुद्धा नाही. अशा रस्त्यावर तर तुझे फुवाही गाडी चालवतील." फुवा पेपर वाचत होते. त्यांनी नुसतं पान उलटलं, पण पानाचा आवाज जरा मोठा झाला.

शेवटी तिने एकच खेळ ठेवला. निळ्या डगल्यातला एक पोरगा दलदल, पूल, विहिरी आणि बुरूज ओलांडत जातो आणि राक्षसाने पळवलेल्या एका मुलीला सोडवतो, असा तो खेळ होता. दुपारी भांडी आवरली, की फुई भिंतीला टेकून बसायची, पदर कमरेला खोचायची आणि लाईट असेपर्यंत खेळायची. तिच्या खेळण्यालाही एक शिस्त होती. यंत्र खेळणाऱ्याला तीन जीव द्यायचं. फुईला ते मान्य नव्हतं. "ज्याला माहीत आहे की आपल्याला अजून दोन जीव आहेत, तो पाऊल बघून टाकतच नाही," असं तिचं म्हणणं. त्यामुळे पहिला जीव गेला, की ती सरळ यंत्र बंद करून पीठ मळायला उठायची. मी म्हणायचो, "अगं, दोन शिल्लक आहेत." ती म्हणायची, "असू दे, मला नकोत."

खेळ रचणाऱ्याने माणसाला हरवावं, पण फसवू नये, हा तिचा मुख्य सिद्धांत होता. तिसऱ्या पुलापलीकडे गवताखाली झाकलेला एक खड्डा होता, तो आधी कुणालाच दिसायचा नाही. त्यात पहिल्यांदा पडली तेव्हा फुई लालबुंद झाली. "समोर विहीर ठेव, रुंद ठेव, माझी उडी कमी पडली तर माझी चूक. पण झाकून ठेवणं म्हणजे नणंदेची खोड झाली!" फुवांच्या बहिणीचं गाव जवळच होतं, म्हणून तिने हे वाक्य हळू आवाजात म्हटलं. केळ्यांबद्दलही तिची तक्रार होती. पोराची ताकद वाढावी म्हणून हवेत सुटी केळी लटकवलेली असायची. "खांब नाही, घड नाही, नुसती केळी? लिहिणाऱ्याने रावेरकडे केळीच्या बागांत एक चक्कर मारायला हवी होती." उलट दगड फोडल्यावर आतून फळ निघायचं, त्याचं ती कौतुक करायची. ते कष्टाने मिळतं, म्हणून.

एकदा तिने मला बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात न्यायला लावलं. आत कॉलेजची पोरं मोठ्या मशिनींना बिलगून उभी होती. फुई पदर सावरत प्रत्येकाच्या मागे थोडा वेळ उभी राहिली. एका पोराला म्हणाली, "मागे सर, तो डावीकडून येणार आहे." पोराने दचकून मागे पाहिलं आणि तेवढ्यात पडद्यावरचा त्याचा वीर मेला. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अक्का, खेळायचं असेल तर खेळा ना." फुई म्हणाली, "खेळायला नाही आले. तू काय काय ठेवलंय ते बघायला आले." बाहेर पडताना तिने निकाल दिला, की सगळ्या खेळांत मारामारी आहे आणि मारामारीचं कारण एकातही सांगितलेलं नाही.

कारणाचं तिला फार होतं. निळ्या डगल्याच्या खेळातल्या गोष्टीवर ती धान्य निवडताना तासन्‌तास बोलायची. राक्षसाने त्या मुलीला का नेलं? तिला तिथे खायला काय देतात? बुरुजावर एकटी बसते, तर तिच्याशी बोलायला कोणी आहे का? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न. रागात आणि मायेत फुई अहिराणीवर यायची, तशी ती आली आणि म्हणाली, "एवढा परका पोरगा तिन्हासाठे मरी राह्यना. तिले भाऊ नही का?"

मी हसलो नाही, कारण हा प्रश्न खेळातल्या मुलीचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. पण त्या आपणहून येत नाहीत. भाऊ नाहीतर भाचा त्यांना न्यायला येतो, त्याला मूळ म्हणतात. मूळ आलं नाही, तर बाई माहेरी जात नाही, मग माहेर एका हाकेवर का असेना. फुईला कित्येक वर्षांत मूळ आलं नव्हतं. माझ्या काकांच्या लग्नात मानाची टोपी आधी धाकट्या जावयाला घातली गेली आणि थोरले जावई म्हणून फुवा भरल्या ताटावरून उठले. नाना म्हणाले, "पाहुण्यांनी ताटावरून उठायला नको होतं." फुवा म्हणाले, "टोपी माझी होती." दोघांचं बरोबर होतं, त्यामुळे भांडण मिटण्यासारखं नव्हतं. त्यात फुईला कोणी काही विचारलं नाही. चैत्र संपत आला, की गल्लीत एकेकीचा भाऊ पिशवी घेऊन यायचा, समोरच्या निंबाला झोका बांधला जायचा आणि बायका गाणी म्हणायच्या. त्या दिवसांत फुई टीव्हीचा आवाज वाढवायची.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, आखाजीच्या आठवडाभर आधी, फुई पहिल्यांदाच खेळाच्या शेवटापर्यंत पोचली. तेही एकाच जीवावर. राक्षस पडला, बुरुजाचं दार उघडलं आणि ती मुलगी बाहेर आली. फुई गुडघ्यांवर उठून बसली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. "काय लिहिलंय?" मी वाचून सांगितलं, "शाब्बास, वीरा. आता पुढची फेरी." मग पडदा काळा झाला आणि पहिलीच दलदल पुन्हा समोर आली. पोरगा तसाच उभा, मुलगी पुन्हा पळवलेली. फुईने रिमोट खाली ठेवला. "सोडवली म्हणजे झालं का?" ती म्हणाली. "तिले घर कोन लई जाई?"

मी धीर करून म्हणालो, "फुई, मी आहे ना. मीच तुझं मूळ. चल." ती माझ्याकडे वळली, थोडी हसली. "माझ्याच घरात जेवून मलाच न्यायला आलास का रे बापू? मूळ गावाहून येतं."

म्हणून मी गावी गेलो. आमचं गाव पाचोऱ्याकडे. संध्याकाळी नाना ओट्यावर दोर वळत बसले होते. फुईचं नाव काढलं तर ते उठून जातील, म्हणून मी त्यांना फक्त खेळाची गोष्ट सांगितली. राक्षस, दलदल, बुरूज, सुटलेली मुलगी आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. नाना दोर वळत होते. मी थांबल्यावर त्यांनी खाली पाहतच विचारलं, "तिले भाऊ नही व्हता का?" चुलीजवळ आई भाकरी थापायची थांबली. मी सांगितलं, "फुईपण हेच विचारते." नानांनी दोर गुंडाळून ठेवला. सकाळी मी उठलो तेव्हा ते दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसलेले होते आणि शेजारी पिशवी होती.

आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. फुई खेळत होती. दारात सावली पडली म्हणून तिने मान वळवली. निळा पोरगा त्या झाकलेल्या खड्ड्यात गेला आणि ती यंत्र बंद करायला विसरली. मला वाटलं, ती रडेल. नाना म्हणाले, "मूळ आलंय." फुई म्हणाली, "बठ, भाऊ," पाणी दिलं आणि मग सगळ्या वर्षांचा राग एकदम आठवल्यासारखी रिमोट त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "आधी तिला सोडव. मग मी येते."

माझ्या वडिलांनी आयुष्यात नांगर, पाभर, मोटेचा नाडा, सगळं हाताळलं होतं. तो रिमोट मात्र त्यांनी विंचू धरावा तसा धरला. पोरगा पहिल्याच दलदलीत बुडाला. "मरी गया ना, भाऊ! पुन्हा." पुन्हा बुडाला. "पुन्हा." नाना उडी मारताना स्वतःच बसल्या जागी उडत होते. एकच जीव मानणाऱ्या माझ्या फुईने त्या दुपारी भावाला वाट्टेल तितके जीव वापरू दिले. एवढ्यात फुवा कचेरीतून आले. आपल्या घरात, आपल्या सतरंजीवर मेहुणा बसलेला पाहून ते उंबऱ्यातच थबकले. पडद्यावर पोरगा पुन्हा काठाशी आला, नानांनी बटण दाबलं, लगेच सोडलं आणि पोरगा पुन्हा गेला. फुवांनी ओठ घट्ट मिटले होते. आणखी एकदा तसंच झालं आणि मग त्यांच्याने राहवेना. "अहो, दाबून धरा ना ते बटण! सोडू नका!"

लग्नातल्या त्या ताटानंतर दोघांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. नानांनी बटण दाबून धरलं. पोरगा दलदल ओलांडून पलीकडे उतरला. फुवा आत येऊन त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आता पूल आहे. पूल हलतो." पुलाच्या मध्यावर लाईट गेली. पडदा अंधारला. मग नानांनी पिशवीतून नवी कोरी टोपी काढली आणि फुवांच्या डोक्यावर ठेवली. ती थोडी मोठी झाली. फुवांनी ती कानांपर्यंत खाली ओढली आणि म्हणाले, "चहा टाक गं."

त्या आखाजीला फुई गावच्या झोक्यावर बसली. गावातल्या पोरींना तिची गाणी येत नव्हती, तिला पोरींची येत नव्हती, तरी ती अंधार पडेपर्यंत उतरली नाही. परतीच्या एसटीत मी तिच्याशेजारी होतो. पारोळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "बापू, तो खेळ लिहिणारा अगदीच अडाणी नाही." मी विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "घरी नेलेलं दाखवलं असतं, तर परत पोचवलेलंही दाखवावं लागलं असतं ना."

नाना गेले, पुढे काही वर्षांनी फुवाही गेले. यंत्र तर त्याआधीच बिघडलं होतं. मूळ म्हणून मी जाऊ लागलो. मी जळगावला नोकरीला असलो, तरी आधी गावी जायचो आणि मग तिथून धुळ्याला. फुईचे गुडघे आता एसटीची पायरी चढू देत नाहीत, गाडीत बसवलं तर तिला ओकारी येते. गेल्या आखाजीला आम्हाला अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं. तरीही या वर्षी मी गेलो. ती दारातच बसलेली होती. "कोण आलंय?" "मूळ." ती भिंतीला धरून उठली, दोन लुगडी घडी करून पिशवीत भरली, वर शेवयांचा डबा ठेवला आणि पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं. मग पिशवी दाराशी ठेवून ती माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसली आणि आम्ही दोघांनी चहा घेतला. समोरचा निंब रस्ता रुंद करताना तोडला आहे, त्यामुळे उन्ह थेट अंगावर येत होतं. एसटीची वेळ टळून गेली, तरी ती उठली नाही आणि मीही तिला उठवलं नाही. उन्ह उतरेपर्यंत ती गावातल्या एकेका घराबद्दल विचारत राहिली आणि मी सांगत राहिलो.